तोंडदेखली गिऱ्हाइकं

प्रिय ताई,

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. माझा राग निवळलेला नाही. उलट या आठवड्यात तो पुन्हा वर आला. तुझ्या तोंडावर बोलायला गेले की तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

गणवेशाचा कारखाना बंद पडला तेव्हा एकोणीस वर्षं मी तिथे एकच काम केलं होतं, खिसे बसवायचं. दुसरं काही येत नव्हतं. मागच्या खोलीत मशीन मांडून मी कॅनव्हासच्या पिशव्या शिवायला लागले. पहिल्या बारा तू बघितल्यास. बघितल्यास म्हणजे काय, एकही खांद्याला न अडकवता गठ्ठा उचललास आणि तुझ्या शाळेत घेऊन गेलीस. चार दिवसांत तुझा निरोप आला, सगळ्या संपल्या, आणखी दे. मी आणखी दिल्या. शाळेतल्या बायकांना नेमकं काय आवडलं, असं विचारलं तर म्हणालीस, 'नसत्या चौकशा कशाला? तू शिवत राहा.' मी शिवत राहिले. त्याच भरवशावर रस्त्याकडेचा गाळा घेतला, जाड कापडाचं मशीन घेतलं आणि त्याच मापाच्या, त्याच पट्ट्याच्या पिशव्यांनी भिंत भरून टाकली. मला वाटलं, गिऱ्हाईक मिळालं.

मग तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई एकदा गाळ्यावर आल्या. पावणेदोन वर्षांत तुझ्या शाळेतून आपल्या पायांनी आलेलं ते पहिलं माणूस. मी आनंदाने खुर्ची पुढे केली. त्यांना नवीन पिशवी नको होती, जुनीचा पट्टा रुंद करून हवा होता. मी खोदून विचारलं तेव्हा बिचाऱ्या गडबडल्या. 'राग मानू नका,' म्हणाल्या, 'मुख्याध्यापिका बाई स्वतः टेबलाटेबलाशी आल्या. बहिणीवर वेळ आलीय, हातभार लावा म्हणाल्या. नाही कोण म्हणणार? पट्टा रुततो, खाली ठेवली की पिशवी आडवी होते. पण सांगणार कुणाला?'

बहिणीवर वेळ आलीय. ताई, मी तुझ्याकडे भीक मागायला आले होते का?

त्या संध्याकाळी मी तुझ्या घरी आले. तुझ्याकडे पाहुणे बसले होते. तू मला बस म्हणालीस, चहा पुढे केलास आणि त्यांच्यासमोरच म्हणालीस, 'मदत केली तर केली, वर हिचा रुसवा काढायचा.' सगळे हसले. भाऊजीही हसले. मी कप तसाच ठेवून उठले. तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस.

त्यानंतरचे आठ महिने कसे गेले ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. तू निवृत्त झालीस आणि तुझ्या शाळेतलं एक कुत्रंही इकडे फिरकलं नाही. मी दिसेल त्याच्या मागे लागले. कॉलेजच्या पोरींसाठी गोंडे लावले, भाजी आणणाऱ्यांसाठी अस्तर काढून टाकलं, प्रदर्शनात दिवसदिवस उभी राहिले. लोक हात फिरवायचे, 'छान आहे हो' म्हणायचे आणि पुढे जायचे. ते 'छान आहे' ऐकून ऐकून माझे कान किटले. सगळ्यांसाठी शिवत होते आणि कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

शेवटी सोनारानेच कान टोचले. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणारी एक नर्स आपल्या पिशवीची तुटलेली चेन बदलायला आली होती. भिंतीवरची एक पिशवी काढून तिने जमिनीवर ठेवली. पिशवी कलंडली. 'ही काय कामाची?' म्हणाली. 'माझा एक हात पेशंटच्या पायाखाली असतो. दुसऱ्या हाताने मला न बघता कात्री मिळाली पाहिजे.' मला इतका राग आला की मी तिला म्हटलं, बसा इथे आणि तुमच्या पिशवीतलं सगळं या टेबलावर मांडा. तिने मांडलं. मी खडूने एकेका वस्तूभोवती रेघ ओढली आणि त्या रेघांवरून खिसे बेतले. पहिली पिशवी तिने आठवड्यात परत आणली, झाकण आड येतं म्हणून. दुसरी परत आणली, तळ धुता येत नाही म्हणून. तिसरी परत घेऊन ती आलीच नाही. तिच्याऐवजी तिच्या दोन मैत्रिणी आल्या.

आता माझी गिऱ्हाइकं म्हणजे नर्सा, सुइणी, घरी जाऊन व्यायाम करून घेणारे. सगळी भांडकुदळ. कापड कापायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, काय वाहता, कुठल्या खांद्यावर, आणि खाली कुठे टेकवता. नुसती शोभेची हवी असेल त्यांना मी समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवते. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं असतं. तुझ्या दयेने माझी दोन वर्षं खाल्ली.

आता हे आज का लिहितेय ते सांगते. मंगळवारी ती नर्स एका पेशंटची ऑर्डर घेऊन आली. बाईंच्या पायाची जखम पाच महिने भरत नाही, काठी घेऊन चालतात, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतील अशी पिशवी हवी. नर्सची पिशवी त्यांनी म्हणे उलटीपालटी करून पाहिली, शिवण निरखली आणि माप घ्यायला लावलं, पण नाव सांगू नको म्हणाल्या. कागदावर मापं होती. डावा खांदा उजव्यापेक्षा इंचभर खाली. ताई, तो खांदा मी ओळखणार नाही? मला कडेवर घेऊन तू जिन्यावरून पडलीस तेव्हा मला खरचटलंसुद्धा नव्हतं. पाच महिने, आणि मला कळवावंसं वाटलं नाही तुला. ऑर्डर मी घेतलेली नाही, नर्सच्या हातून तुला काहीही मिळणार नाही. हे पत्र तेवढं तिच्या हाती देतेय. पाय टेकता येईल त्या दिवशी तू स्वतः ये. गाळ्याला दोन पायऱ्या आहेत, मी खाली येऊन धरीन. तुझी पिशवी मी शिवून ठेवीन, ती खांद्याला लाव, कोपऱ्यापर्यंत चालून ये आणि काय चुकलंय ते मला सांग. तोंडदेखलं छान म्हणालीस, तर तिथल्या तिथे उसवून टाकीन.

तुझीच, अजून रागावलेली
धाकटी