कवटीच्या आतलं

२५ ऑगस्ट १९८७, मंगळवार
झाली एकदाची पांढुर्ण्याची गोटमार! नदीच्या दोन्ही काठांवरून दिवसभर दगडफेक. सकाळपासून सदतीस एक्स-रे. हात, घोटे, बरगड्या. डार्क रूममध्ये उभं राहून पाय भरून आले. बोटांना फिल्म धुवायच्या हायपोचा वास, तो साबणानंही जात नाही. जेवणाचा डबा तसाच परत.
चार वाजता बायको सुशीला तिच्या भावाला घेऊन आली. हिरामण — तिगावहून नुसता पाहायला आला, आणि भुवईवर गोटा खाऊन बसला. डॉक्टरसाहेब टाके घालण्यात. कवटीचे दोन फोटो काढले, ओलेच खिडकीपाशी धरले. "हाड साबूत हाये. ने घरी," मीच सांगून टाकलं. साहेबांनी नंतर पाहून मान हलवली.

२७ ऑगस्ट
हिरामण आमच्याकडेच आहे. डोकं दुखते म्हणतो. गोटा लागल्यावर दुखणार नाही तर काय!

२९ ऑगस्ट
सकाळी चहाची बशी त्याच्या डाव्या हातातून सुटली. उचलायला वाकला तर बोटं वळेनात. अंगणात गेला, डावी चप्पल मागंच राहिली — त्याला पत्ताच नाही!
सुशीलानं चप्पल उचलून आणली. मग म्हणाली, "तुम्ही तर म्हनलं होतं, काही नाही."
दवाखान्यात नेला. पुन्हा फोटो, पुन्हा साफ. साहेबांनी टॉर्च मारून डोळे पाहिले. ते जबलपूरचे, हिंदीतच बोलतात. "तुळशीराम, अपनी मशीन हड्डी दिखाती है. ये अंदर का मामला है. नागपूर में सीटी स्कॅन आ गया है. कल ही निकलो."

३० ऑगस्ट
गाडीत हिरामण माझ्या खांद्यावर झोपून राहिला. दर स्टेशनावर हलवून उठवत होतो. माझ्या एका शब्दावर चार दिवस वाया गेले. जीव गेला तर सुशीलाला कोणतं तोंड दाखवू?

३१ ऑगस्ट, नागपूर
मोठ्या कड्यासारखं यंत्र. त्यात हिरामणचं डोकं सरकवलं. काचेपलीकडे टीव्हीवर चित्रं येऊ लागली — कोबी आडवा कापावा तशी एकेक चकती. एकोणीस वर्षं माणसांचे फोटो काढून राहिलो, पण हाडाच्या आतलं आज पहिल्यांदा पाहिलं. बसायला कोणी सांगितलं नाही, आणि मला सुचलंही नाही.
उजवीकडे कवटीला चिकटून काळपट चंद्रकोर. तिथल्या डॉक्टरनं बोट ठेवलं. "रक्त आहे, काका. पण ताजं असतं तर पांढरं दिसलं असतं. हे दीड महिना तरी जुनं आहे. हळूहळू साचत आलं."
"म्हणजे गोट्याचं नाही?"
"नाही. आधी कधी मार लागला होता का?"
मला ठाऊक नव्हतं. हिरामण बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

१ सप्टेंबर
ऑपरेशन झालं. कवटीला दोन छिद्रं पाडली, इंजिनच्या जळक्या तेलासारखं रक्त निघालं. वाचला! सकाळच्या गाडीनं आलेली सुशीला व्हरांड्यात भिंतीला टेकून रडली, मग स्वतःच उठून माझ्यासाठी चहा आणला.
माझ्या हातून चूक झाली नव्हती. रक्त गोट्याचं नव्हतं, तर माझं म्हणणंही खोटं नव्हतं. आठ दिवसांत आज पोटभर जेवलो.

५ सप्टेंबर
हिरामण उठून बसला. दोन्ही हातांनी मोसंबी सोलली. विचारलं — याच्या आधी डोक्याला कधी लागलं होतं?
"आखाडात नाही का, बैलबंडीचं जू बसलं होतं! आलतो ना भाऊजी तुमच्याकडे दवाखान्यात. तुम्ही म्हनलं, मशीन बिघडली हाये, मंग ये. तर मी गेलो वापस." हसून सांगितलं त्यानं.
कुठं लागलं, हेही मी तेव्हा विचारलं नव्हतं. मशीन बिघडली नव्हती. मी दमलो होतो.