मनोरीला न गेलेली दोघं

नाहूर,
९ जून १९८४

प्रिय रत्ना,

तू बोरिवलीला भावाकडे जाऊन बसलीस आणि इथे शेवंतीच्या समोरच्या दारात मला एकटीला सोडलंस. रोज दळण घेऊन जाताना ती थबकते, 'काय गं माणिक, तुझी मैत्रीण दिसत नाही ती?' म्हणते आणि उत्तराआधीच मान हलवते. तिच्या भावाने म्हणे एका रविवारी तुला आणि माझ्या नवऱ्याला मनोरीच्या किनाऱ्यावर होडीतून उतरताना पाहिलं. बातमी आख्ख्या बिल्डिंगभर फिरून घाटकोपरला तुझ्या होणाऱ्या सासरी पोचली आणि तेहतिसाव्या वर्षी जुळलेलं लग्न 'जरा थांबू या'वर येऊन अडलं. वकिलाला तूच विचार, मला तोंड दाखवायची लाज वाटते, असं लिहिलंस. विचारून आले.

मुलुंड कोर्टातले जयवंत वकील माझ्या मामाच्या ओळखीचे. त्यांनी सगळं नीट समजावलं. पोलिसांत गेलीस तर ते एन.सी. म्हणजे नुसती नोंद करून घेतील, फार तर शेवंतीला बोलावून दम देतील. बदनामीसाठी ते आपणहून कुणाला धरत नाहीत. मॅजिस्ट्रेटपुढे कलम पाचशेची फिर्याद करता येते, शिक्षाही होऊ शकते, पण शेवंतीने ज्यांच्या कानात सांगितलं त्यांनी कोर्टात येऊन तसं बोलायला हवं. आता सांग, एका टाकीचं पाणी पिणारी माणसं तिच्याशी वाकडं घेतील? नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर कोर्ट फी भरा आणि म्हातारपणापर्यंत तारखा घ्या. आपले सेक्रेटरी तर म्हणाले, पाण्याच्या वेळेची तक्रार असेल तर बोला. राहिली नोटीस. वकिलाचा रजिस्टर कागद हातात पडला की निम्मी माणसं घाबरूनच माफी लिहून देतात म्हणे. आणि सगळ्यात भारी साक्ष माझी. बायकोच खोटं आहे म्हणाली तर इतरांनी बोलायचं काय?

आणि ते खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या रविवारी हे आमच्या स्वयंपाकघरात हाताला तेल चोपडून फणस फोडत बसले होते आणि निम्मे गरे स्वतःच खात होते. मनोरी ह्यांनी जन्मात पाहिलेली नाही. मला तरी कुठे दाखवली? पण शेवंतीचं बोलणं मी ह्यांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, भडकतील, तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावतील. आधी हसले. मग म्हणाले, 'मनोरीला? होडीने?' आणि खिडकीबाहेर बघत बसले. दोन दिवसांनी न्हाव्याकडून कलप लावून आले. आता आरशासमोर शीळ घालतात. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं. अफवा खोटी आहे गं, पण ह्यांना ती आवडली आहे. ह्याला कुठलं कलम लागतं ते मी वकिलांना विचारलं नाही.

मला तुझा हेवा वाटतो, रत्ना. आजचा नाही. आपण लालबागच्या चाळीत होतो तेव्हाही हळदीकुंकवाला मी शालू नेसून गेले तरी बायका तुझ्या साध्या वायलच्या साडीकडे बघायच्या. वडिलांची गिरणीतली नोकरी सुटल्यावर तू भावांचं शिक्षण केलंस, नोकरी केलीस, स्वतःची लुना घेतलीस. ती शिकवायला हे मिठागराच्या रस्त्यावर तुझ्यामागे धावायचे, तेव्हा गॅलरीत शेवंती उभी होती तशी मीही होते. मला कधी सायकलवर तरी बसवलंय? आणि परवा मी म्हटलं, रत्नाने फिर्याद केली तर तुम्हालाही साक्षीला बोलावतील. तर लगेच म्हणतात, 'जाऊ की! तिच्या अब्रूचा प्रश्न आहे.' माझ्या आईच्या तेराव्याला ह्यांना रजा मिळाली नव्हती. तुझ्या प्रत्येक तारखेला मिळेल. वर्षानुवर्षं कोर्टात शिपाई तुम्हा दोघांची नावं एकापाठोपाठ पुकारील आणि मी बाकावर बसून ऐकत राहीन.

म्हणून मी काल घाटकोपरला गेले. एकटीच. तुझ्या होणाऱ्या सासूबाई, पार्वतीबाई, माणूस सरळ आहे. आधी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी त्यांना फणसाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, तुमच्याकडे बातमी बिल्डिंगमधून आली, मी घरातून आले आहे. कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग विचारलं, 'तुम्हाला पोरीचा राग नाही ना येत?' मी म्हटलं, छे हो, बहिणीसारखी आहे. तिथे मी तेवढं एकच खोटं बोलले. चहा आला, पोहे आले, आणि आषाढ लागायच्या आतला मुहूर्त बघायला त्यांनी भटजींना निरोपही धाडला.

तेव्हा ऐक. जयवंत वकिलांकडून नोटिशीचा मसुदा येईल, त्यावर सही कर. शेवंतीची जिरेल, तेवढं पुरे. फिर्याद मात्र करू नकोस. आणि माणिकने माझ्यासाठी केवढं केलं म्हणून रडत बसू नकोस, कारण हे मी मैत्रीखातर केलेलं नाही. तुझं लग्न लवकर व्हावं, तू ह्या बिल्डिंगमधून जावंस आणि माझ्या घरातली ती शीळ थांबावी, एवढ्यासाठी मी घाटकोपरचे जिने चढले. तू काहीच केलेलं नाहीस, हे मला कळतं. तरी जा. लग्नाला मी येईन, तुझी ओटी भरीन, पंगतीत वाढायलाही उभी राहीन. एकटीच येईन. त्या दिवशी ह्यांना बरं नसेल, ते आताच कळवून ठेवते.

काही झालं तरी तुझीच,
माणिक