नारळ कुठल्या क्लासला द्यायचा

आबा, तुमच्या नातीला मारामारीच्या कुठल्या क्लासला घालायचं हे मला दोन महिने ठरवता येत नव्हतं, आणि ज्याला विचारायला हवं तो माणूस जाऊन एकोणीस वर्षं झाली. नातीला तुम्ही पाहिलेलं नाही. अकरा वर्षांची आहे, सहावीत जाते, अंगानं माझ्यासारखी काडी आणि नाक मात्र तुमचं. मी 'मारामारीचा क्लास' म्हटलं की ती चिडते. "आई, मार्शल आर्ट म्हणतात त्याला." असेल बाई! तुम्ही नुसतं 'तालीम' म्हणायचे आणि त्यात सगळं यायचं, माती, मारुती, दूध, शिव्या. इथे धुळ्यात आमच्या देवपुरात एकाच रस्त्यावर चार पाट्या लागल्यात. कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, ज्युडो. एका पाटीवर तर सगळंच लिहिलंय आणि खाली झुंबा पण. कुठे 'मोठ्यांसाठी स्वतंत्र बॅच', कुठे 'वय वर्षे चारपासून प्रवेश'. चार वर्षांचं लेकरू कुणाला लाथ मारणार आहे, सांगा मला. पाट्या वाचून वाचून माझं डोकं चालेनासं झालं होतं.

हे सगळं सुरू झालं दप्तराच्या पट्ट्यापासून. मी घरातल्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते, हे तुम्हाला ठाऊक आहे, मशीन तुम्हीच घेऊन दिलं होतं. पोरीच्या दप्तराचा पट्टा तुटला, मी शिवला. आठ दिवसांत पुन्हा तुटला, पुन्हा शिवला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मी तो उजेडात धरला. शिवण झिजून उसवली तर दोरे एकेक करून सुटतात. ओढून फाडलं तर शिवण शाबूत राहते आणि कापड फाटतं. इथे कापड फाटलं होतं. मशीन बंद केलं आणि तिला समोर बसवलं. आधी "रिक्षातून उतरताना अडकला" म्हणाली. मग रडत रडत सगळं बाहेर आलं. शाळेच्या रिक्षात नववीतल्या दोन दांडग्या पोरी तिला पट्ट्याला धरून सीटवरून खाली ओढायच्या आणि ती घर येईपर्यंत त्यांच्या पायाशी बसून यायची. आबा, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याला गल्लीत थांबवून असं झापलं की माप द्यायला आलेल्या बायका बाहेर आल्या. दोन दिवस त्या पोरी गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुमचे जावई म्हणाले, रिक्षा बदलून टाकू. तर ही म्हणते, "रिक्षा नका बदलू. मला कुणी ओढलं तरी पडायचं नाही, असं काहीतरी शिकव ना, आई." शिकव म्हणाली, आणि तेही मला! वस्तादाची मुलगी आहे मी, पण मला काज-बटण येतं, बाकी काय येतं?

मग मी पहिल्या पाटीच्या जिन्यानं वर गेले. मोठा हॉल, भिंतभर आरसे, कपाटात चषकच चषक. सर पण चांगले भरदार, दंड बघून तुम्ही मान डोलावली असती. म्हणाले, आधी दोन दिवस फुकट बघा, पटलं तर नाव घाला. आणि मी काय करून बसले होते, तर सोबत नारळ नेला होता. नारळ आणि पेढे! आपल्या दोंडाईच्याच्या तालमीत पोरगा आला की त्याचा बाप नारळ घेऊन यायचा, तुम्ही मारुतीपुढे ठेवून तो फोडायचे, पोराच्या कपाळाला माती लावायचे, आणि तिथून पुढे तो पोरगा त्या तालमीचा. एक जण चार दिवस दुसऱ्या तालमीत दंड मारून आला तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवला होता. त्याची आई येऊन रडली तरी नाही. क्लास बघायला म्हणून जाताना माझा हात आपसूक नारळाकडे गेला, त्याला मी काय करू? सर आधी गोंधळले, मग हसून त्यांनी तो चषकांच्या कपाटावर ठेवून दिला. मी मनात म्हटलं, झालं, आता आपण या घरचे. बघणं-बिघणं काही राहिलं नाही.

तिथे पालकांना वर बसू देत नव्हते. आम्ही आया खाली पायरीवर बसायचो. तिसऱ्या आठवड्यात पोरगी घरी आली, कपडे बदलत होती, तर मांडीवर लांब लाल वळ. पाय पुरेसा वर जात नाही म्हणून सरांनी छडी मारली होती. मी विचारलं, "लागलं का?" म्हणाली, "नाही." इतक्या पटकन म्हणाली, आणि चेहरा अगदी कोरा ठेवला. हा चेहरा मी कुठेतरी बघितला होता. मी तशीच चप्पल घालून जिना चढले. सर अजिबात चिडले नाहीत. "ताई, त्याशिवाय शिस्त लागत नाही. तुमचे वडील वस्ताद होते म्हणता, तुम्हाला माहितीच असेल." मी तशीच जिन्याकडे वळले. कारण खरंच, तुमच्या हातात पण कडुनिंबाची छडी असायची. तीच पोरं पुढे बाप्ये होऊन आली आणि तुमच्या पाया पडली. मग ती छडी चांगली आणि ही वाईट, असं मी कुठल्या तोंडानं म्हणायचं? का ती पण वाईटच होती? मी खाली आले, पायरीवर बसले आणि मला काहीच कळेना. नारळ देऊन बसले होते, तो विचार वेगळाच.

तुमची तालीम मला किती माहिती होती, आबा? स्वयंपाकघराच्या खिडकीएवढी. त्या खिडकीखाली आईचं मशीन असायचं, ती पोरांचे लंगोट शिवायची आणि मी नाड्या ओवायची. खिडकीतून थेट आखाड्याची माती दिसायची. दोन वर्षं मी नाड्या ओवत बघत होते, तुम्ही नव्या पोरांना पहिल्यांदा पडायला शिकवायचे. हनुवटी छातीला, खांद्यावरून गोल, आणि हात मातीवर आपटायचा. मी दहा वर्षांची आहे, उन्हाळ्याचे दिवस आहेत, तुम्ही चार-पाच दिवस जत्रेच्या कुस्त्यांना गेलेले. दुपारी तालमीत कुणी नाही. मी आत जाते. बाईमाणसानं तिथे पाय ठेवायचा नाही हे मला कुणी सांगायला नको, तरी जाते. हनुवटी छातीला लावते आणि पडते. आणि डोळे उघडते तर दारात तुम्ही, हातात पिशवी, तसेच स्टेशनवरून आलेले. "आठे काय करी ऱ्हायनी तू?" मी उठून उभी राहते. तुम्ही जवळ येता, बघता. "लागनं का?" मी म्हणते, नाही. "मंग निंघ बाहेर."

त्या संध्याकाळी तुम्ही सगळा आखाडा उकरला. पोरं फावडं मागत होती, तुम्ही दिलं नाही, एकट्यानं उकरला. त्यात ताक ओतलं, तेल ओतलं, हळद टाकली. आईनं मला डोक्यावरून आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी तालमीच्या दाराला कुलूप आलं. मला जे समजायचं ते समजलं. माझे पाय लागले म्हणून माती बाटली आणि तुम्ही ती शुद्ध केली. मला इतका राग आला होता आबा, इतका राग, की मी त्या खिडकीला पडदा शिवला. माझ्या हातानं एकटीनं शिवलेलं ते पहिलं कापड. आई म्हणाली, किती छान शिवलाय. चौतीस वर्षं मी ही गोष्ट अशीच धरून आहे.

आता दुसऱ्या क्लासचं सांगते. जावयांनी कुणाला तरी विचारून शोधला. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये संध्याकाळी ज्युडो शिकवतात. शिकवणारी मॅडम चाळीसगावची, तिशीतली, ठेंगणीठुसकी, आवाज घोगरा. चषकांचं कपाट नाही, आरसा नाही, मॅट पण जुनाट. पालक खुशाल भिंतीला टेकून बसतात. आणि शिकवते काय, तर पंधरा दिवस नुसतं पडायला! पुढे पडा, मागे पडा, कुशीवर पडा. माझ्या शेजारी बसलेली एक आई वैतागून म्हणाली, "पडायला काय क्लास लावायचा असतो का? घरी पडत नाही का रोज?" मला इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावावा लागला. मी इथे चोरून आले होते. तिकडचं नाव काढलं नव्हतं, पोरीला आठवड्यातून दोन दिवस तिकडे आणि दोन दिवस इकडे असं चाललं होतं. तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं मला.

मग त्या दिवशी पोरगी पडली तेव्हा दोन मॅटमधली फट उघडली होती, आणि तिचं कोपर खालच्या फरशीवर आदळलं. मॅडम धावत आली. "लागलं का?" आणि माझी पोरगी, जी मांडीवर वळ असून मला 'नाही' म्हणाली होती, ती मोठ्यानं म्हणाली, "हो मॅडम, खूप लागलं!" आणि भोकाड पसरलं. सगळा क्लास थांबला. कुणी हसलं नाही. मॅडमनं कोपर दाबून बघितलं, हाड ठीक आहे म्हणाली, पाणी प्यायला लावलं. मग सगळ्या पोरांना मॅटवरून उतरवलं आणि गुडघ्यावर बसून एकेक मॅट उचलून पुन्हा पहिल्यापासून लावायला लागली. पोरं मदतीला आली तर "सरका" म्हणाली. घामाघूम झाली. मी म्हटलं, "मॅडम, तेवढी एकच सरकवली असती तरी चाललं असतं." तिनं वर बघितलं पण नाही. "नाही ताई. पोरगी पडली आणि तिला लागलं, म्हणजे खालचं माझं चुकलं. मग सगळंच बघावं लागतं."

आबा, मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते आणि मला आपला आखाडा दिसला. तुम्ही चार-पाच दिवस गावाला होता. उन्हाळा होता. माती कुणी उकरलेली नव्हती, ती दगडासारखी झाली असणार. ताक-तेल तर माती मऊ व्हावी म्हणूनही घालतात. मी उठल्यावर तुम्ही वाकून मातीत बोटं खुपसली होती का? मला आता वाटतं, खुपसली होती. पण हे मला आठवतंय का मी आता मनानं घालतेय, कळत नाही. आणि तसं असेल तर दाराला कुलूप कशाला लावलं? मी बाटवू नये म्हणून, का मी पुन्हा पडू नये म्हणून? आईला दोंडाईच्याला फोन लावला. ती भावाकडे असते, आता ऐकायला कमी येतं. दोनदा ओरडून विचारलं. तर म्हणते, "तुना बाप बठ्ठा जलम माती खंदत ऱ्हायना. माले काय याद, कोणता दिन?" मी म्हटलं, जन्मभर खणली असेल, पण मग मला डोक्यावरून आंघोळ का घातली? "केसमा माती व्हती," म्हणते, आणि जेवण झालं का विचारायला लागली. एवढंच. चौतीस वर्षांचा माझा राग, आणि आईकडे त्याचं उत्तर केसातली माती.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि पोरीचं नाव काढलं. जिना चढताना वाटत होतं, जणू तुमच्याच तालमीतून पळून चाललेय. बोलता बोलता वर बघितलं तर कपाटावर नारळ तसाच! शेंडीसकट, धूळ खात, कुणी फोडलाच नव्हता. माझ्या जिवात जीव आला. मी सरळ म्हटलं, "सर, तो नारळ परत द्या." सरांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय. दिला बिचाऱ्यांनी. जिन्यावर कानाशी हलवून बघितला, आत पाणी नव्हतं, खोबरं सुटून नुसतं वाजत होतं. मॅडमला द्यायला गेले तर ती म्हणाली, "इथे नका फोडू ताई, मॅट चिकट होतात." तो आता माझ्या मशीनशेजारी पडून आहे. त्याचं काय करायचं असतं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

पोरीचं विचाराल तर ती अजून रिक्षात ओढली की पडते. पण परवा पडल्या पडल्या ओरडली, "मला लागलं!" इतकं मोठ्यानं की रिक्षावाल्यानं भर पुलावर रिक्षा थांबवली आणि त्या दोघींना उतरवून पुढे आपल्या शेजारी बसवलं. दप्तराचा पट्टा या आठवड्यात शाबूत आहे. हे ज्युडोमुळे झालं का ओरडण्यामुळे, मला सांगता येणार नाही.

आणि एक झालंय. मॅडमची रविवारी सकाळी मोठ्यांची बॅच असते. मला म्हणाली, "रोज भिंतीला टेकून बसता, मॅटवर या की." मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात. फॉर्म मात्र घेऊन आले. काल दुपारी मशीनवर ठेवून भरला. नाव, वय, पत्ता. पूर्वी काही शिकला आहात का, तिथे 'नाही' लिहिलं, खोडलं, पुन्हा 'नाही' लिहिलं. त्याच्या खाली होतं, पूर्वीची काही दुखापत. तिथे मी लिहिलं, डावं कोपर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते पूर्ण सरळ होत नाही, कापड धरताना मी हात वाकडाच ठेवते, लोकांना वाटतं शिवणाऱ्या बाईची सवय. हे तुम्हाला लिहिलेलं पत्र मापांच्या वहीत ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या संध्याकाळी माती उकरताना तुम्ही दोनदा थांबून खिडकीकडे बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी हात पाठीमागे लपवला. तुम्ही विचारलं होतं, आबा, आणि मी खोटं बोलले. खूप लागलं होतं.