तारीखभाऊंची लॉ एन्ट्रन्स

४ जानेवारी

निर्णय झाला. लॉ एन्ट्रन्स देणार.

पदवी आहे. वयाची अट नाही, चौकशी केली. वकिलाच्या ऑफिसात कारकुनी करण्यात अर्धं आयुष्य गेलं आहे. साहेब कोर्टात जे बोलतात, त्यातलं निम्मं मी आदल्या दिवशी टाइप केलेलं असतं. फरक एवढाच, की त्यांच्या अंगावर काळा कोट असतो आणि माझ्या अंगावर स्वेटर.

कारण घडलं ते असं. साहेबांनी आज जाहीर केलं, की मार्चअखेर वकिली बंद. गुडघे साथ देत नाहीत. ऑफिस एका नव्या वकीलबाईंकडे जाणार. मला म्हणाले, तू तुझं काहीतरी बघ आता. मी लगेच बघितलं.

वेळापत्रक: सकाळी पाच ते सात अभ्यास. रोज. अपवाद नाही.

५ जानेवारी, सकाळी ९.४०

उशिरा उठलो. थंडी. अभ्यास उद्यावर तहकूब. कारण सबळ आहे.

९ जानेवारी

बायकोला सांगितलं. ती शिलाई मशीनवर होती. शाळेच्या गणवेशांचं काम घेते, मशीनवरून डोकं वर काढत नाही. म्हणाली, परीक्षा द्या हो, पण पगार बंद झाल्यावर काय करायचं तेही त्यातच विचारतात का?

दूरदृष्टी नाही. पण अर्धं टेबल मोकळं करून दिलं. कापडाचे गठ्ठे पलंगाखाली ढकलले. माझ्या अर्ध्या टेबलावर आता पुस्तक, पाण्याची बाटली आणि कॅलेंडर. तिच्या अर्ध्यावर मशीन. मशीन चाललं की पुस्तकातल्या ओळी थरथरतात. अशा परिस्थितीत माणूस किती शिकणार?

१२ जानेवारी

पुस्तक सेकंडहँड आणलं आहे. आधीच्या मालकाने प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. कायद्यात आधीच्या निकालांना केवढा मान असतो! मीही त्याच पद्धतीने जाणार. प्रश्न वाचायचा, खूण बघायची, पटली का विचारायचं. बहुतेक पटते. झपाट्याने पुढे सरकतो आहे.

१९ जानेवारी

गेले काही दिवस काही लिहिलं नाही, कारण काही घडलं नाही.

ऑफिसात फार दमायला होतं. आज साहेबांची तयारी नव्हती, म्हणून नेहमीप्रमाणे मला पाठवलं. पुढची तारीख मागणं हे माझं खास काम. साहेबांना ताप, पक्षकाराला ताप, कागद मिळाले नाहीत, मिळाले पण वाचायला वेळ मिळाला नाही. चेहरा कसा ठेवायचा, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं जमून गेलंय. मी दारात दिसलो की कोर्टातला क्लार्क आपणहून कॅलेंडर हातात घेतो. सगळ्या बिल्डिंगीत मला तारीखभाऊ म्हणतात. उगीच नाही म्हणत.

आजचा अभ्यास: नाही. ताप आल्यासारखं वाटतं.

१ फेब्रुवारी

नवा महिना, नवी सुरुवात. जानेवारी हा सरावाचा महिना होता असं धरतो.

२ फेब्रुवारी, रविवार

संपूर्ण दिवस एका प्रश्नावर. सहा माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत. अ हा ब च्या शेजारी बसायला तयार नाही. क ला ड च्या समोरच बसायचं आहे. तर फ कुठे बसला असेल?

माझं म्हणणं, अ आणि ब शेजारी का बसत नाहीत, हे आधी कळायला हवं. एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हे सख्खे भाऊ आहेत आणि घराच्या वाटणीवरून बिनसलंय. क हा बहुतेक मेहुणा. त्याला ड वर नजर ठेवायची आहे. या दोघा भावांना कोणी समोरासमोर बसवून दोन शब्द बोललं, तर समेट होईल आणि मग कोणी कुठेही बसेल.

लेकीला दाखवलं. ती कॉलेजला आहे. पुस्तक फिरवून घेतलं, पेन्सिलीने गोल काढला, म्हणाली, फ हा ब च्या डावीकडे. मी म्हटलं, पुरावा? ती म्हणाली, बाबा, प्रश्नातच लिहिलंय.

हल्लीच्या मुलांचा छापील शब्दावर फार विश्वास.

१४ फेब्रुवारी

आणखी एक खोट सापडली. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला असतं: असे समजा की. मी काही समजत नाही. आमच्या ऑफिसात ज्याने ज्याने काही समजून चाललं, तो बुडाला. असे समजा की सर्व माळी टोपी घालतात. का समजू? आमच्या कोर्टाच्या बागेतला माळी बोडकाच असतो. मी समासात तसा आक्षेप नोंदवून ठेवला आहे.

२२ फेब्रुवारी

लेकीने फोनवर वेळ लावून माझी चाचणी घेतली. वेळ संपली तेव्हा मी तिसऱ्या प्रश्नावर होतो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही उत्तर देत नाही, तुम्ही वाद घालता.

वकिलाला याहून मोठी शाबासकी कोणती? आज बऱ्याच दिवसांनी शांत झोपेन.

३ मार्च

नव्या वकीलबाई ऑफिस बघायला आल्या. तरुण, चष्मा, घाईत. फायलींची कपाटं बघून त्यांना शिंक आली. म्हणाल्या, यापुढे सगळं ऑनलाइन दाखल करायचं आहे, कागद घेऊन धावायचं नाही. वकिलांच्या हॉलमध्ये या महिन्यात दर शनिवारी त्याचं ट्रेनिंग आहे, मी एक सीट घेऊन ठेवलीये. जो ते पूर्ण करेल त्याला क्लार्क म्हणून ठेवीन. तुम्ही येताय ना, काका?

मी हसून सांगितलं, की मॅडम, तोवर मी क्लार्क राहणार नाही. लॉ करतोय.

त्या म्हणाल्या, अरे वा. मग सीट फुकट जायला नको, ओळखीचं कोणी असेल तर पाठवा.

काका म्हणाल्या, तेवढं खटकलं.

३ मार्च, संध्याकाळी

घरी सांगितलं. बायकोने मशीन थांबवलं. तिने मशीन थांबवलं की मला अस्वस्थ वाटतं. मग म्हणाली, हातातलं सोडलंत? मी समजावलं, की वकील होणाऱ्या माणसाने बटणं दाबायला शिकत बसायचं नसतं. लेक म्हणाली, बाबा, निदान दोन्ही करा. मी म्हटलं, लक्ष विचलित होतं.

शेवटी बायको म्हणाली, मग मी जाऊन बसते तुमच्या जागी. काय शिकवतात ते संध्याकाळी तुम्हाला सांगेन. उद्या गरज पडली तर?

परवानगी दिली. शनिवारी मशीन बंद राहील, मला शांतता मिळेल.

८ मार्च, शनिवार, दुपारी ४

घरात पूर्ण शांतता. इतक्या शांततेत डोळा लागतो, हे लक्षात आलं नव्हतं.

रात्री ९. बायको संध्याकाळी आली. वहीभर लिहून आणलं होतं. सांगायला बसली, पण तेव्हा माझं डोकं जड होतं. पुढच्या शनिवारचं एकदमच सांग म्हटलं.

१६ मार्च

धक्का. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात उत्तरं छापली आहेत. मला माहीतच नव्हतं. सहज पडताळून पाहिलं. आधीच्या मालकाच्या खुणा जवळजवळ सगळ्या चुकीच्या. म्हणजे एवढे दिवस मी एका नापास माणसाशी सहमत होत होतो.

तरी काही ठिकाणी मला अजूनही त्याचंच बरोबर वाटतं.

२२ मार्च, शनिवार

बायको ट्रेनिंगला. लेक म्हणते, आई तिथे सगळ्यांच्या आधी काम संपवते आणि शेजारच्यांना दाखवते. माप घेऊन कापड कापणाऱ्या बाईला रकाने भरणं काय अवघड, असं मी म्हणालो. लेक माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाच्या सुरात म्हटलं होतं मी.

३१ मार्च

ऑफिसातला शेवटचा दिवस. साहेबांनी चहा मागवला. दोघंच होतो. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीतले कपडे वाळताना दिसत होते. साहेब म्हणाले, तुझ्याइतक्या सफाईने तारखा कोणी मागितल्या नाहीत. तुझ्यामुळे आपली कित्येक प्रकरणं होती तिथेच राहिली.

भरून आलं. घरी येताना जिन्यात परत ते वाक्य आठवलं. साहेब तेव्हा हसत नव्हते, असं वाटतं. थकवा असेल.

१० एप्रिल

आता पूर्ण वेळ अभ्यास. सकाळी उठतो, टेबलाशी बसतो. अकराच्या सुमारास फायलींची आठवण येते. कोणी हाक मारत नाही. कोणाचं काही अडत नाही. हे असं असतं, हे माहीत नव्हतं.

बायकोने या वर्षी गणवेशाचं मोठं काम घेतलं नाही. विचारलं तर म्हणाली, बघू. मशीनवर चादर घातली आहे. ओळी आता थरथरत नाहीत. तरी वाचून होत नाही.

२७ एप्रिल

परीक्षा झाली. क्रमवार लिहितो.

हॉलमध्ये सगळी पोरं. एकाने मला पाणी कुठे मिळेल ते विचारलं, मला तिथला समजून. पेपर स्क्रीनवर. पहिला उतारा नदीतल्या माशांवर होता. कायद्याच्या परीक्षेत मासे? पण न्याय करायचा तर दोन्ही बाजू नीट ऐकून घ्यायला हव्यात, म्हणून तो शांतपणे वाचला. मग पुन्हा वाचला. मग माळी, टोपी नव्हे पण तसलंच. मी ठरवलं होतं की आज समजून चालायचं. एकदा समजून चाललो. बरं नाही वाटलं.

वेळ संपत आली तेव्हा बरेच प्रश्न शिल्लक. मी हात वर केला. सुपरवायझर बाई आल्या. मी उभा राहिलो, आवाज जिथे खाली आणायचा तिथे आणला, प्रकृती बरी नसल्याचं सांगितलं, पुढची तारीख मिळावी अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, काका, वेळ संपली की स्क्रीन आपोआप बंद होते, माझ्या हातात काही नसतं.

आणि खरंच झाली बंद. कोणी कॅलेंडर उघडलं नाही.

घरी विचारलं, कसा गेला? उत्तम, म्हटलं.

२ मे

बायकोला वकीलबाईंनी बोलावणं पाठवलं. ट्रेनिंगच्या परीक्षेत तिला चांगले मार्क पडले म्हणे. सोमवारपासून ऑफिसात या म्हणाल्या. बायकोने मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, माझा निकाल लागेपर्यंत जा. तात्पुरतं.

१९ मे

तात्पुरतं ठीक चाललंय. ती सकाळी साडीची पिन लावता लावता मला सांगून जाते, गॅस बंद करा, दूध आत ठेवा. परतल्यावर ऑफिसचं बोलते. कुठली फाईल कुठे आहे, हे मला विचारते, आणि मी सांगतो. पहिल्या आठवड्यात रोज विचारायची. आता नाही विचारत.

८ जून

निकाल. लेकीने फोनवर पाहिला. वाचून दाखवायच्या आधी दार लोटून घेतलं, तेव्हाच कळायला हवं होतं.

शंभरात अकरा जण माझ्या मागे आहेत. म्हणजे एवढ्या सगळ्या परीक्षार्थींचा हिशोब केला, तर हजारो लोक माझ्या मागे आहेत. लेकीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हो बाबा. आणि चहा टाकायला गेली. तिचे डोळे भरले होते. तिने वाद घातला असता तर सोपं गेलं असतं.

बायकोला तिनेच सांगितलं असणार. बायकोने विषय काढला नाही. ताटात वाढताना थोडं जास्त वाढलं.

१७ जून

बायको चष्मा घरी विसरून गेली. लेक कॉलेजला. म्हणून नेऊन द्यायला गेलो. मार्चनंतर पहिल्यांदाच.

ऑफिस ओळखू आलं नाही. कपाटं गेली. भिंतीला रंग. माझ्या जागेवर स्क्रीन, आणि स्क्रीनसमोर बायको. कागद डोळ्यांजवळ धरून टाइप करत होती. मी चष्मा पुढे केला. तिने लावला आणि परत कामाला लागली.

बाहेरच्या बाकावर एक पक्षकार बसला होता, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मला विचारलं, तुम्ही इथे कामाला का हो?

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, ते मलाही ठाऊक नाही. आतून बायकोच म्हणाली, नाही हो, माझे मिस्टर आहेत ते. लॉची तयारी करतायत.

स्क्रीनवरची नजर न हलवता. चेष्टेने नाही, रागाने नाही, इतरांसमोर सांभाळून घेतल्यासारखंही नाही. खरं असल्यासारखं म्हणाली. त्या माणसाने आदराने सरकून जागा दिली. मला आधी लाज वाटली, मग बरं वाटलं, मग आणखी लाज वाटली. खोकल्यासारखं केलं.

बायको म्हणाली, बसा, माझं एवढं झालं की बरोबरच जाऊ.

बसलो. शेजारचा माणूस सांगत होता, की त्याची केस जुन्या साहेबांकडे होती, दर खेपेला गाव सोडून यायचा आणि दर खेपेला पुढची तारीख पडायची. बापाने सुरू केलेली केस, बाप गेला. आता या वकीलबाईंनी महिनाभरात मार्गी लावली म्हणाला. मी विचारलं नाही, तारखा कोण मागायचं. त्यानेही मला ओळखलं नाही.

इतकी वर्षं मी आतल्या खुर्चीत होतो, या बाकावर कधी टेकलो नव्हतो. फार टणक आहे.