पाचोळ्यातली एक

तीर्थरूप आईस,

पायांवर डोकं ठेवते. दुखऱ्या गुडघ्याला धक्का लावत नाही.

आधी हे सांगते की नोकरी शाबूत आहे. परवा ती जाता जाता राहिली.

कीटकघरात माझ्याकडे एक प्रार्थनाकीटक आहे. पुढचे पाय जोडून बसणारा हा किडा दिसतो मात्र वाळलेल्या पानासारखा, शिरांसकट. ही मादी अंड्यांवर आलेली. मी तुझीच लेक. पेटीतला पाचोळा बघवेना म्हणून सगळा झाडून टोपलीत भरला. मग पाहते तर बाईसाहेब पेटीत नाहीत. धक्का लागला की पाय आखडून त्या मेल्याचं सोंग घेतात. टोपलीत दोन-तीनशे पानं, त्यातलं एक जिवंत.

आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, "शोधा आता. तुमच्या आईलाही सापडायची नाही."

त्यांना तू ठाऊक नाहीस. शेंगदाण्यांची सालं फुंकरीने उडवणारी तू आठवलीस. पानं टेबलावर पसरली आणि हलकेच फुंकर घातली. सगळी हलून थांबली. एक मात्र डुलत राहिलं. वारा आला की पानासारखं डुलायची तिची खोड, तीच अंगाशी आली.

आज तिने काडीला अंड्यांचा कोष चिकटवला. बाई म्हणाल्या, "पन्नासेक नातवंडं होतील. आईला कळवा."

म्हणून कळवते. मी वेळेवर जेवते. गुडघा डॉक्टरांना दाखवलास का? "दुखत नाही" असं लिहू नकोस. सोंग मला आता ओळखता येतं.

तुझी,
केरसुणी खाली ठेवलेली लेक