बहिणीच्या गावी हॉटेलात

हॉटेल नख्ला, जुनं बंदर,
बिझर्ता.
सोमवार, २ जून १९८६

नझीहाताईस भाऊ मुंजीचा सलाम.

तू, सलवा, घरातले सगळे खुशाल असाल. रोजे नीट चालले असतील. मी बरा आहे. चष्मा लागलाय, पुढचे केस गेलेत, कान मात्र पहिल्यासारखेच तिखट आहेत. मार्सेलला यंदा उन्हाळा उशिरा आला, बाकी हवापाणी ठीक.

वरचा पत्ता तुला वाचून दाखवताना सलवा अडखळली असेल. सलवा, बाळ, मी तुझा मामा. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा मी गेलो, त्यामुळे मी तुला आठवायचं कारण नाही. थांबू नकोस, पुढे वाच. आणि आई म्हणाली 'ठेव बाजूला', तर जरा हळू आवाजात वाच.

तर, हो. मी गावात आहे. शुक्रवारी आलो.

काम होतं. इकडे शिंप्यांकडे जुनी शिलाई मशीनं पडून असतात, त्यांचे सुटे भाग तिकडे मिळत नाहीत. म्हटलं, स्वतः जाऊन पाहावं. गुरुवारी बोट आहे, परत जायचं. एवढ्याशा दिवसांसाठी ऐन रमजानात तुला कशाला त्रास, म्हणून हॉटेलात उतरलो. एवढंच. मनात दुसरं काही आणू नकोस.

हॉटेल म्हणजे तीन मजले, मजल्याला एक नळ आणि पलंगाला तीन पाय; चौथ्याच्या जागी विटा. मालक अमोर. सत्तरीला टेकलेला, आधी पोट येतं आणि मागून माणूस. त्यानं पोलिसांसाठीचा कागद पुढे केला. नाव, बापाचं नाव, जन्मगाव, धंदा, येण्याचं कारण. मी भरून दिला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, कागद हातभर लांब धरला. मला वाटलं, आता किल्ली देईल. तर म्हणतो, "सालह बूझीदचा मुलगा? म्हणजे सार्डिनच्या कारखान्यातल्या नझीहाचा भाऊ?"

मी म्हटलं, गावात बूझीद पुष्कळ आहेत.

"पुष्कळ आहेत. पण हे नाक एकाच घरात आहे. गावात सख्खी बहीण, रमजान चाललेला, आणि तू माझ्याकडे खोली मागतोस? उद्या लोक म्हणतील, अमोरला गिऱ्हाईक मिळेना म्हणून त्यानं नझीहाचा भाऊ कोंडून ठेवला. जा बाबा. तिच्याकडे जागा नसेल तर अंगणात झोप."

मी हटलो नाही. शेवटी त्यानं खोली दिली, पण तेव्हापासून मला हाकलून लावणं हाच त्याचा धंदा झालाय. पहिल्या दिवशी बंदराकडची खोली होती. कोळ्यांची भांडणं, पूल वर उचलला की अडकलेल्या गाड्यांचे भोंगे, सगळं बसल्या जागी ऐकायला मिळालं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, छत गळतंय. जून महिन्यात. मला दुसऱ्या मजल्यावर धाडलं. तिथली खिडकी उघडली की समोर भिंत. काल तिसऱ्या मजल्यावर, टाकीखाली. आणि आज सकाळी पाणीच बंद. खाली जाऊन विचारलं तर म्हणे पंप गेला. आता तुला सांगतो, मोटारीचा जीव गेलेला मला तीन मजल्यांवरूनही कळतो. हा गेलेला नव्हता, याची वायर कोणीतरी सोडवली होती. मी पेचकस घेतला आणि जोडून टाकली. पाणी आलं तसा अमोर धापा टाकत वर आला. मला वाटलं, आभार मानायला.

"तुला कोणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?" म्हणाला. "चार दिवसांत मी एवढं एकच काम धड केलं होतं."

दिवस असा हसण्यावारी जातो. संध्याकाळ जात नाही. रमजानात हॉटेलात राहतो कोण? एक फिरता औषधविक्या होता, तोही कैरवानला आपल्या घरी गेला. रोजा सोडायची तोफ झाली की गल्ली एकदम गप्प होते आणि मग घराघरांतून वाडग्यांवर चमचे वाजायला लागतात. या कानांनी मला पोटाला लावलं, ताई, पण त्या वेळी वाटतं, थोडा बहिरा असतो तर बरं. अमोर घरी जेवायला चल म्हणतो. मी जात नाही. बहिणीच्या गावात येऊन दुसऱ्याच्या ताटावर बसलो तर मग बोलायला तोंडच उरायचं नाही.

हे पत्रही त्याच्याच हट्टानं लिहितोय. म्हणाला, तिच्या दारात जायला पाय कापत असतील तर लिही, हात तर धडधाकट आहेत. मी नेऊन देतो. उत्तराची अपेक्षा नाही. मी गुरुवारी जाईन. मी येऊन गेलो हे तुला बाजारात दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच हा कागद.

सलवाला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
मुंजी


हॉटेल नख्ला
शुक्रवार, ६ जून

ताई,

बोट काल गेली. मी तिच्यावर चढलो नाही.

मंगळवारी तोफेच्या आधी अमोर तुझ्याकडून झाकलेला वाडगा घेऊन आला. हिरव्या गव्हाचा शोरबा, वर ताटलीत दोन तळलेले ब्रीक, पापुद्र्याच्या आत अंडं अजून मऊ. मी विचारलं, काही म्हणाली? अमोर म्हणाला, "म्हणाली, रोजेदार उपाशी राहू नये म्हणून देते, हॉटेलात कोणी परका असता तर त्यालाही दिलं असतं." मग तो उगाच टेबल पुसायला लागला. मी म्हटलं, आणखी काय?

"आणखी एक निरोप आहे. मी नुसता सांगणारा, माझ्यावर चिडू नकोस. म्हणाली, विचार त्याला, दुकान बरं चाललंय ना?"

शोरबा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. तिखट आईच्याच मापाचं आहे. पण प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. सात वर्षांत तू विचारलेला हा पहिला प्रश्न, ताई. त्याला मी आता खोटं उत्तर देणार नाही.

सलवा, इथून पुढे एक शब्दही गाळू नकोस. मामाची लाज राखायला म्हणूनसुद्धा नको.

एकोणऐंशीच्या जानेवारीत तुझी तार आली, 'आई जातेय, ये.' मी उलट तार केली, 'दुकान सोडून येता येत नाही.' ताई, दुकान नव्हतंच. तेव्हाही नव्हतं आणि त्याआधी तीन वर्षं मी पत्रांतून ज्याचं वर्णन करत होतो, काचेचं दार, दोन कामगार, बाहेर निळी पाटी, ते कधीच नव्हतं. मी एका तळघरात सहा जणांबरोबर राहायचो. दिवसा एका आर्मेनियन शिंप्याच्या मागल्या खोलीत मशीनं साफ करायचो. माझ्याकडे कागद नव्हते. तीन महिन्यांचा पाहुणा म्हणून गेलो होतो, सहा वर्षं झाली होती. बोटीवर चढताना कोणी अडवलं नसतं, परत मार्सेलला मात्र उतरूच दिलं नसतं. म्हणून आलो नाही.

दुकानाची थाप मी आईसाठी मारली होती. तिनं एकदा तुला सांगून कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं ना, शेजारणी विचारतात, मुंजी काय करतो? मी लिहिलं, दुकान आहे. तिनं ते गल्लीभर सांगितलं. मग मला ते दुकान वर्षावर्षाला वाढवत न्यावं लागलं. जे नाही ते सांभाळायला किती कष्ट पडतात, हे ज्याच्याकडे खरं दुकान आहे त्याला कळायचं नाही.

पण हेही अर्धंच. मार्सेलमध्ये मी पुष्कळांना सांगितलं, कागद नव्हते म्हणून आईच्या मातीला गेलो नाही, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरी गोष्ट अशी की 'कागद नाहीत' एवढं मी तारेत लिहिलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस ते मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. तू म्हणाली असतीस, मग नको येऊस, मी आहे. तू आईच्या कानात सांगितलं असतंस की त्याला येता येत नाही, आणि ती त्यावर विश्वास ठेवून गेली असती. तुला दोन शब्द खरे सांगायची मला लाज वाटली. त्यापेक्षा दुकानासाठी आईला सोडलं, हे मी तुला खरं वाटू दिलं. मग तुझं पत्र आलं, कोणा परक्याच्या अक्षरात, 'दुकान सांभाळ.' बास. ते रास्त होतं.

ब्याऐंशीत तिकडच्या सरकारनं माझ्यासारख्यांना कागद दिले. पुढे दुकानही झालं. पाटी नाही, कामगार नाही, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. पण मशीन नुसतं ऐकून दोष सांगतो म्हणून लोक तीन तीन वस्त्या ओलांडून येतात. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बरं चाललंय. आता.

सुट्या भागांसाठी आलो, हेही खोटं होतं. गावात मी एकही मशीन पाहिलं नाही. एक ऐकलं मात्र. शनिवारी दुपारी तुझ्या दारापर्यंत आलो होतो. आत आईचं मशीन चालत होतं. पट्ट्याचा जोड उसवलाय, दर फेरीला टक् करतो. आणि त्यावर तुझा आवाज, "बाही उलटी लावलीस गं, डोळे कुठं गहाण टाकलेस?" सलवाला ईदचा झगा शिवायला शिकवत होतीस. अक्षर वाकडं आलं की मलाही असंच बोलायचीस. स्वतः शाळा सोडून कारखान्यात मासे सोलायला गेलीस, मला पाटी घेऊन दिलीस, आणि अक्षर ओळखता येत नसतानाही वाकडं आलेलं तुला लांबून दिसायचं. मी हात कडीपर्यंत नेला आणि परत फिरलो. तुझ्या कमाईवर शिकलेल्या अक्षरात मी तीन वर्षं तुलाच खोटं लिहिलं होतं. कोणत्या हातानं दार वाजवणार?

माझा बेत असा होता की गुपचूप आईच्या कबरीवर जावं, फातिहा म्हणावी, आणि तुला न भेटता बोट धरावी. बुधवारी गेलो. ईद आली म्हणून सगळ्या कबरींना नवा चुना लागलाय. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या, अर्ध्यांवर नावच नाही. राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, कोण? मी म्हटलं, महबूबा, सालह बूझीदची बायको. तो म्हणाला, महबूबा पुष्कळ आहेत. कुठल्या अंगाला पुरलं? मला सांगता येईना. अंजिराजवळ की भिंतीकडे? सांगता येईना. मातीला कोण कोण होतं? मी म्हटलं, मी नव्हतो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मग घरचं कोणीतरी घेऊन या, दादा. कबर अशी विचारून सापडत नसते. ज्यानं खांदा दिला त्याला ठाऊक असते, नाहीतर दर ईदला जी चुना लावते तिला."

दुपारभर फिरलो. चार ठिकाणी वाटलं, ही असेल. एका ठिकाणी बसलोसुद्धा. मग एक बाई चुन्याची बादली घेऊन आली आणि म्हणाली, भाऊ, ही माझ्या सासऱ्यांची. मी उठलो, माफी मागितली. त्या बाईनं मला बादलीतलं चुन्याचं पाणी कबरीवर ओतायला सांगितलं, ते ओतलं. कोणाच्या का होईना, एका कबरीला माझा हात लागला.

तेव्हा काल सकाळी पिशवी भरून बोटीसाठी खाली आलो, पण अमोरसमोरच्या खुर्चीवर बसून राहिलो. बोटीची वेळ टळून गेल्यावर तो पिशवी उचलून वर घेऊन गेला, आणि तिसऱ्या मजल्यावर नाही, पहिल्या, बंदराकडच्या खोलीत. मी म्हटलं, छत गळत होतं ना? म्हणाला, "थांबलं. कधी कधी आपोआप थांबतं."

आणि संध्याकाळी वाडगा आला. मी गुरुवारी जाणार हे तुला पत्रातून ठाऊक होतं. बोट सुटून सहा तास झाले होते. तरी तोफेच्या आधी वाडगा आला, आणि अमोर सांगतो की तू दोन्ही हातांत देताना म्हणालीस, सांभाळून ने, गरम आहे. काल रात्री मी त्या एका वाक्यावर झोपलो, ताई. किती वर्षांनी नीट झोपलो ते सांगत नाही.

आता मागणं. ईदच्या सकाळी नमाजानंतर तू आईकडे जाणारच. मी कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा राहीन, नवे कपडे घालून, अमोरनं त्याच्या मुलाचा सदरा इस्त्री करून ठेवलाय. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. सलाम घेतला नाहीस तरी चालेल. तू फक्त पुढे चाल. मी चार पावलं मागे राहीन. तू जिथं थांबशील, तिथं आई आहे असं मी समजेन.

तुझ्या मागून येणारा,
मुंजी