बंदीनंतरची गाडी

प्रिय तामिरू,

बाबांनी गाडी घेतली. चिनी, विजेवरची, कुणाची तरी वापरलेली, पांढरी. बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू घाईनं वाचणार नाहीस.

पेट्रोलच्या गाड्या बाहेरून आणायला सरकारनं बंदी घातली, तेव्हा तू फोनवर तुझ्या या थोरल्या बहिणीला म्हणालास, "संपलं, इतिये. आता येऊन करू काय?" पंधरा वर्षं तू टोरांटोहून बाबांसाठी गाडी आणणार होतास, आणि गाडीशिवाय यायचं नाही हे तुझं तूच ठरवलं होतंस. आई गेली तेव्हासुद्धा. बंदीनंतर तर तू येण्याचा विषयच काढत नाहीस. मी फोनवर पाऊसपाण्याचं बोलते, तूही बर्फाचं बोलतोस.

बाबा मात्र मजेत आहेत. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्यांना आवाज न करणारी गाडी म्हणजे मुकं जनावर वाटतं. गल्लीतल्या मेंढ्यांना ती ऐकूच येत नाही, त्या ढिम्म हलत नाहीत. मग बाबा खिडकीतून डोकं काढून तोंडानंच 'घर्रर्र' करतात. पोरं टाळ्या पिटतात.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी गोंधळ घातला. चार्जिंग आपोआप सुरू होण्याची वेळ लावायची होती. सगळी गल्ली झोपल्यावर, म्हणजे मध्यरात्री. तुझ्या तिकडच्या घड्याळात तेव्हा बारा वाजतात, पण आपण तास दिवस मावळल्यापासून मोजतो, म्हणून आपले रात्रीचे सहा. बाबांनी निर्धास्तपणे रात्रीचे सहा लावले. गाडीला आपलं घड्याळ कुठून ठाऊक असणार? तिनं संध्याकाळचे सहा धरले. नेमके तेव्हा घरोघरी इंजेराच्या भाकऱ्यांचे विजेचे तवे तापत होते. फाट्कन आवाज झाला आणि सगळी गल्ली अंधारात. वैझेरो अस्काले, आपल्या समोरच्या घरातल्या बाई, अर्धकच्ची इंजेरा ताटात घेऊन दारात उभ्या! बाबांना म्हणाल्या, "गाशे बेयेने, तुमची गाडी जेवते आणि आम्ही उपाशी झोपायचं होय?" बाबा म्हणाले, "अहो, तिला वेळ कळत नाही, परदेशी आहे." शेवटी सगळ्यांनी आपल्या अंगणात शेगडीभोवती बसून शिरोचं पिठलं खाल्लं. आई गेल्यापासून त्या अंगणात एवढी माणसं हसली नव्हती. तू असायला हवा होतास.

आता मूळ गोष्ट. गेल्या रविवारी बाबांच्या शेजारी बसून एंटोटो डोंगराच्या चढावर गेले होते. निलगिरीच्या सावलीत गाडी थांबवून ते अचानक म्हणाले, "सरकारनं माझ्या पोराला सोडवलं." मला काही कळेना. मग त्यांनी खिशातून तुझा फोटो काढला, निळ्या गाडीला टेकून उभा असलेला, 'बाबा, ही तुमची' असं मागे लिहिलेला. मागच्या काचेच्या कोपऱ्यात भाड्यानं गाड्या देणाऱ्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. तू पाठवलेलं पाकीट उघडलं त्याच दिवशी बाबांनी ती पाहिली होती. अकरा वर्षं त्यांना माहीत आहे, तामिरू, की गाडी नव्हतीच. तुझं तिकडं काही धड जमलं नाही, हेही त्यांनी ओळखलं. ते म्हणाले, "मी 'नको गाडी' म्हणालो असतो तर त्याला कळलं असतं की मला कळलंय. आता बंदीच आली. त्याला खोटं बोलायची गरज उरली नाही. आता तरी येईल."

बंदी येऊनही तू आला नाहीस. दर शनिवारी ते तुझी खोली झाडतात.

हे तुला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. माझ्या शेहेचाळीस वर्षांत त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच मोडते आहे. फासिकाच्या सणाआधी ये. एकच पिशवी घेऊन ये.

तुझीच इतिये,
वर्कनेश